पाचवा घाव

चार घाव पडले आणि पाचवा पडलाच नाही.

हैबतराव ओट्यावर थबकले. हातात रेकॉर्डींचं लाकडी खोकं होतं, ते त्यांनी कठड्याला टेकवलं. शेजारच्या अंगणात चौघी जणी नव्या आंबेमोहोराचे पोहे कांडत होत्या. धप्, धप्, धप्, धप्. मग मुसळं वरच्या वर थांबायची, एका घावापुरती. पुन्हा चार, पुन्हा ती रिकामी जागा. नकळत त्यांनी बोटांवर मोजलं. पाच भरले. परत मोजलं. पाचच.

पाच हा त्यांचा आवडता आकडा. सगळी नोकरी त्यांची बोटीवर, इंजिनरूममध्ये गेली. बोट बंदराला लागली की बाकीचे लोक घड्याळं आणि नायलॉनच्या साड्या बघत फिरायचे. हे जॅझच्या रेकॉर्डी शोधायचे. त्याही सरळ चालीच्या नाहीत. चार मात्रांत बसणारं काही त्यांनी विकत घेतलं नाही. पाचांचं, सातांचं, एखादं नवांचं मिळालं तरच. तसलं वाजवणारे थोडे, त्यामुळे एकेका रेकॉर्डीला दोन-दोन सफरी लागायच्या. अशा तेवीस जमल्या. चौसष्ट साली ते निवृत्त होऊन कासार आंबोलीला घरी आले, तेव्हा सामानात हे खोकं सगळ्यात वर होतं.

"आणलं का परत लंगडं घोडं?" नवी रेकॉर्ड दिसली की त्यांच्या पत्नी लीलाबाई विचारायच्या. पण चहाचे कप बाजूला सारून समोर बसायच्या त्याच. टेबलावर तीन टोले हैबतरावांनी घालायचे, दोन लीलाबाईंनी. कुणी चुकलं की सुई उचलून पहिल्यापासून. बहुतेक वेळा हैबतरावच चुकायचे.

श्रावणात लीलाबाई गेल्या. त्यानंतर हैबतरावांनी दोनदा रेकॉर्ड लावून पाहिली. तीन टोले पडले की पुढे हात अडायचा. राहिलेले दोन स्वतःच घालायला जावं, तर गाणं पुढे निघून गेलेलं असायचं. पाच मोजणं एकट्याला जमत नाही असं थोडंच आहे. पण त्यांनी ते एकट्याने कधी मोजलेच नव्हते. तिसऱ्यांदा त्यांनी सुईला हात लावला नाही. पुण्यात त्यांच्यासारखाच छंद असलेले एक गृहस्थ होते. त्यांना पत्र घातलं, घेऊन जा, तुमच्याकडे निदान वाजतील. आज त्यांची जीप दारात उभी होती. ड्रायव्हर भिकू मागची फळी पाडून वाट बघत होता.

हैबतराव खोकं कठड्यावर तसंच ठेवून अंगणात उतरले.

"गोजरावहिनी, ह्यो ठेका कुटनं उचलला? माझ्या गाण्याच्या पेटीतनं?"

"तुमच्या पेटीतनं?" गोजराबाई मुसळ न थांबवता म्हणाल्या. "तुमची पेटी लागली की आमची म्हस पान्हा चोरती, भावजी."

बाकीच्या तिघी हसल्या. हसतानाही घाव चुकला नाही. चार, आणि रिकामी जागा.

जवळ आल्यावर त्यांना दिसलं. उखळाभोवतीचं बायकांचं कडंही एका जागी तुटलेलं होतं. गोजराबाईंच्या डाव्या हाताला एक माणूस उभं राहील एवढी जागा होती. वरच्या वाडीवरची पारू तिथं उभी राहायची. दरसाल पोह्यांना ती खाली उतरायची. यंदा भादव्यात तापाने गेली.

पोहे गरम असतानाच कांडावे लागतात. भाजलेलं भात गार झालं की पोहे पसरत नाहीत, त्यांचा चुरा होतो. हे त्या चौघींना काही सांगायला नको होतं. तरी दर फेरीला त्या एक घाव वाया घालवत होत्या.

"सरकून उब्या ऱ्हावा की," हैबतराव म्हणाले. "चौघींनी चारात उरकंल लौकर."

"बघितलं सरकून." गोजराबाईंनी आता मुसळ टेकवलं आणि पदराने कपाळ पुसलं. "पैल्या दिशी मुसळावर मुसळ आपटाया लागलं. ह्या रंभाचं बोट फुटता फुटता ऱ्हायलं. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे. तिचा घाव तिला घालू दे, आपुन आपला घालू."

"आनि पोहं होत्यात तसं?"

"होत्यात की. वाईच उशीर लागतोय."

गोजराबाईंनी हैबतरावांकडे एकदा बघितलं. नजर लगेच उखळाकडे वळवली. घराशेजारी घर, दोनदा लागून पेटी बंद झाल्याचं त्यांनाही कळलं असणार.

"सरका आता, गार व्हतंय," त्या म्हणाल्या. "जाताना मूठभर घेऊन जावा. खाऊन बगा आनि मंग बोला."

मुसळं उचलली गेली. हैबतराव तिथंच उभे राहिले. चार घाव त्यांनी ऐकले. पाचव्यालाही ते थांबले, चौघींबरोबर.

ते परतले तेव्हा भिकूने खोकं उचलून जीपमध्ये ठेवलं होतं आणि तो दोर आवळत होता.

"सोडा तो दोर," हैबतराव म्हणाले.

भिकूने गाठ सोडली. खोकं त्यांच्या हातात देताना तो जरा घुटमळला.

"पुण्यात काय सांगू, साहेब? ते तर म्हणत होते, तुम्ही आता एकटेच असता."

"त्यांना म्हणावं, माफ करा," हैबतराव म्हणाले. "आम्ही दोघं अजून ऐकतो त्या."