न झिजणारा लेप

पास्कल होडीबाहेर लटकत होता. कडेच्या टायरमध्ये कोपर अडकलं म्हणून वाचला होता. रेजिनाने नवऱ्याचा दुसरा हात घट्ट धरला, पण तो साबणाच्या वडीसारखा पुन्हा निसटला.

इंजिनाचे भाग घासून झिजू नयेत म्हणून बंदरातल्या सगळ्या होड्यांना नवा लेप दिला होता. भाग खरंच झिजेनात. पण लेप आपोआप पसरत गेला, इंजिनावरून फळ्यांवर, दोरांवर, शेवटी माणसांच्या कातडीवर. आता कुणाच्या मुठीत काही राहत नव्हतं.

"दोर बांध गं!"

"गाठच बसत नाही रे!"

तिने जाळं ओढायच्या यंत्राची साखळी खाली सोडली आणि तिच्या टोकाचा आकडा त्याच्या सदऱ्यात अडकवला. सदराच डोक्यावरून निघून आला. पुढच्या लाटेसरशी कोपरही सुटू लागलं.

धरून माणूस वर येणार नाही, हे रेजिनाला कळून चुकलं. कुठेतरी आरपार अडकवायलाच हवं होतं.

"पास्कल, पंजा उघड."

त्याने आकड्याचं टोक पाहिलं. "नको गं, रेजिना!"

"मग जाशील रे तू!"

त्याने डोळे मिटून पंजा उघडला.

त्याच्या किंकाळीत यंत्राचा आवाजही बुडाला. तो फळ्यांवर येऊन पडला, थरथरत, रक्ताने माखलेला.

"काढ आता," तो हुंदके देत म्हणाला.

तेवढ्यात होडी कलली आणि दोघं कडेकडे घसरले. हिसका बसला, पण पंजातल्या साखळीनेच त्याला थोपवलं. रेजिनाने त्याला मिठी मारली आणि रडत रडत मान हलवली.

"किनारा लागेपर्यंत नाही."