अठ्ठावीसचं चाक

शेषराव मास्तर चौथ्यांदा पडला, तो नेमका कडब्याच्या गाडीवर. नशीब त्याचं, गाडीचे बैल सोडलेले होते. चंद्रभान मिस्त्रीनं हातातला पान्हा खाली टाकला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे बाप्पा, सायकल शिकून राहिला का गंजी रचून राहिला?"

आता सायकल तरी कशी म्हणावी तिला? चालती आरामखुर्चीच ती. शेषरावानं अमरावतीला ट्रेनिंगला असताना कुठल्याशा इंग्रजी मासिकात तिचं चित्र पाहिलं होतं. मागं रेलून बसायचं, पाय पुढं लांब करायचे आणि नाकासमोरचे पायडल मारायचे. तसली मला करून दे, म्हणून त्यानं अकोल्याला चंद्रभानच्या दुकानात ठाण मांडलं. दोघं एका गावचे, चौथीपर्यंत एका बाकावरचे. चंद्रभाननं दोन भंगार सायकली कापल्या, दोन साखळ्यांची एक केली आणि मागच्या चाकावर वेताची खुर्ची चढवली. दोस्तीपायी माणूस काय काय करतो!

एवढ्यावर भागलं असतं. बिनसलं ते त्या मागच्या चाकावरून.

"वीस इंची लाव, मी सांगतो तुले," चंद्रभान रोज म्हणायचा. "खुर्ची खाली येते, दोन्ही पाय जमिनीले टेकतात. चढायले सोपं, उतरायले सोपं. अठ्ठावीसवर तू टांगल्यावानी बसशीन."

"मले अठ्ठावीसच पाह्यजे."

"कावून पन?"

"वीसच्यानं पाठ दुखते."

चाकाच्या मापानं पाठ दुखते, हे चंद्रभान जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. पण शिकलेल्या माणसाशी डोकं कोण लावणार?

घोर वेगळाच होता. सोमवारी शेषराव त्यांच्या गावच्या शाळेत हजर होणार होता. बौद्धवाड्यातला पहिला मास्तर, तेव्हा सारं गाव रस्त्यावर येणार. तिथं हा आपटला, की लोक विचारणार, ही बला बनवली कोणी? बारा वर्षांत कमावलेलं मिस्त्री म्हणून नाव एका दणक्यात मातीत जायचं. चंद्रभानला भाकर गोड लागेना. त्याची बायको दुर्गाबाई तर वैतागली. "मास्तर पडला त उठन," ती म्हणाली, "तुमी कायले झुरून राहिले?"

शनिवारी त्यानं न विचारताच वीसचं चाक बसवून टाकलं. शेषराव आला. त्यानं चाक पाहिलं. बाह्या सारल्या, पान्हा घेतला, लहान चाक काढून खुंटीला टांगलं आणि अठ्ठावीसचं पुन्हा चढवलं. मग दिवसभर तो ओट्यावरून चढायला आणि लिंबाच्या बुंध्याला रेलून उतरायला शिकला. संध्याकाळी मात्र गडी न पडता स्टेशनपर्यंत जाऊन आला. चंद्रभाननं त्याला चहा पाजला, पण तोंड वाकडं ते वाकडंच.

सोमवारी चंद्रभाननं दुकानाला कुलूप लावलं आणि आपल्या साध्या सायकलवर त्याच्या मागं निघाला. पिशवीत पान्हा, पंक्चरचं सामान आणि हळदीची पुडी.

गावात शिरताच पोरं ओरडत मागं धावली. बाया दारात आल्या. "अवं माय, मास्तर निजून चालला!" एकजण म्हणाली आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. शेषरावही हसला. सायकल तेलाच्या धारेसारखी चालली होती. चंद्रभानची छाती फुगली.

पुढं पुंजाराम पाटलाचा ओटा आला. ओट्यावर पाटील आणि तीन म्हातारे बसलेले. खाली शेषरावाचा बाप बुधाजी उभा होता. पंचवीस वर्षं तो पाटलाच्या वावरात राबत होता, अजूनही राबत होता. बौद्धवाड्यातल्या माणसानं इथं सायकलवरून उतरायचं, ती हातात धरून ओटा ओलांडायचा आणि मग पुन्हा बसायचं, असा गावचा रिवाज. चंद्रभान इथून हजारदा गेला असेल. त्याला कधी उतरावं लागलं नाही, म्हणून ते त्याच्या ध्यानातही कधी आलं नव्हतं.

"उतर बाप्पा," बुधाजी हळूच म्हणाला. "भांडन नको."

शेषराव उतरला नाही.

"कावून रे मास्तर?" पाटलानं आवाज चढवला. "उतरत नाई का?"

शेषरावानं एक हात कपाळाला लावला. "नमस्कार पाटील. भांडन कायचं जी? उतरलो असतो, पन चाक मोठं हाये. पायच टेकत नाई." आणि पायडल मारत तो ओट्यासमोरून शाळेकडं निघून गेला.

चंद्रभाननं मागंच ब्रेक दाबला. आठ दिवसांची सारी हुज्जत त्याला एकदम उमगली, आणि आपण ते वीसचं चाक किती प्रेमानं बसवलं होतं, हे आठवून लाजही वाटली.

"चंद्रभान, इकडे ये," पाटील म्हणाला. "हे सोंग तुह्याच दुकानातलं ना? लहान चाक नवतं का तुह्यापाशी? का त्यानंच मुद्दाम मोठं मागतलं?"

बुधाजीची मान खाली गेली. ओट्यावरचे म्हातारे पुढं सरकले. मागं सारं गाव ऐकत होतं.

चंद्रभाननं घसा साफ केला.

"त्याचं काई नाई पाटील," तो मोठ्यानं म्हणाला. "मीच मिस्त्री कच्चा. लहान चाक मले बसवताच येत नाई."