पाडलेला पूल

"दादा, या शहर वसवायच्या गेममध्ये एक खोट आहे. पूल पाडला की लोक दुसरी वाट शोधत नाहीत, नुसते उभे राहतात," असं शिकवून धाकटा दूध आणायला गेला.

काल नाक पुसता येत नव्हतं, आणि आज शिकवतोय! धाकट्याच्या शहरात गाड्या कशा भरभर पळत होत्या. दादाच्या शहरात सदानकदा कोंडी. दादाच्या पोटात दुखलं. त्याने धाकट्याच्या शहरातला पूल पाडला. पडद्यावरची माणसं जागच्या जागी थबकली. दादाला बरं वाटलं.

धाकटा मात्र येईना. दादाने खिडकी उघडली. समोरच्या फुटपाथवर धाकटा दुधाची पिशवी धरून उभा होता. त्याच्यामागे माणसांची रांग लागली होती. मधला रस्ता पूर्ण मोकळा होता.

"अरे, ये की वर!"

धाकट्याने मान वर केली.

"कुठून येऊ, दादा?"