खोलीतली हवा

सुलक्षणाने चिकटपट्टी दातांनी तोडली आणि खिडकीच्या शेवटच्या फटीवर अंगठ्याने घट्ट दाबली. सासरे सकाळच्या एसटीने मांडवगणला परत गेले होते. आता खिडकी उघडणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

शिक्रापूरला हमरस्त्यालगत, दुसऱ्या मजल्यावरची ही एकच खोली. खाली दिवसरात्र ट्रक आणि डंपर. दहा महिन्यांच्या अनूला उन्हाळ्यात दम लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा. सुलक्षणाने जपायचं ठरवलं. दाराच्या कडांना फोम चिकटवला. उंबऱ्याशी ओल्या टॉवेलची गुंडाळी ठेवली. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या झरोक्यात पुठ्ठा बसवला. नवऱ्याने, सत्यजीतने, हवा शुद्ध करायचं मशीन आणलं. हवेत धूळ असली की त्यावर लाल दिवा लागायचा, नसली की हिरवा. तेव्हापासून मायलेकी त्या दिव्याच्या तालावर जगत होत्या. वाळत घातलेले कपडे आत घ्यायलासुद्धा सुलक्षणा दार हातभरच उघडायची आणि लगेच ओढून घ्यायची.

परवा सासरे, भिमाजी आबा, गावाकडून गव्हाची पोती घेऊन आले. घरी एवढं पिकतं आणि पोरगं विकतचं पीठ खातं, याची त्यांना भावकीत लाज वाटायची. पोती त्यांनी स्वतः जिन्यावरून वर आणली आणि भिंतीला लावली. अनूचं अंथरूण तिथंच, खाली फरशीवर असायचं. मग त्यांनी घाम पुसला, चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि खिडकी सताड उघडली.

"ह्याला घर म्हणायचं का कोंडवाडा? गुरंसुद्धा दावं तोडून पळत्याल."

"आबा, धूळ येते. अनूला सोसत नाही."

"आन् हे डबडं हवा धुतंय व्हय? हवा काय फडकं हाय धुवायला?"

ते राहिले तेवढे दिवस हेच चाललं. ती खिडकी लावायची, ते उघडायचे. रात्री खिडकीखालीच पथारी टाकून झोपायचे. मशीनचा दिवा सारखा लाल. आज सकाळी तिचा तोल गेला. "तुमच्या हट्टापायी माझ्या पोरीचा जीव जाईल," ती म्हणाली. आबांनी टोपी घातली, पिशवी उचलली आणि चहा न घेताच जिना उतरले.

तिने आधी खिडकी लावली. मग फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला हायसं वाटलं.

दुपारी खोलीत वास यायला लागला. लसणासारखा, पण कुबट. खालच्या खानावळीत काहीतरी करपवलं असेल, असं तिला वाटलं. तिने टॉवेल पुन्हा भिजवून उंबऱ्याशी दाबला आणि मशीन पूर्ण वेगावर केलं. दिवा हिरवाच होता.

अनूने दूध ओकलं. सुलक्षणाचंही डोकं ठणकत होतं, पोटात ढवळत होतं. या दोन दिवसांत धूळ पोटात गेली, ती स्वतःशीच म्हणाली आणि मनातल्या मनात आबांना बोल लावला. सत्यजीतला फोन केला. कंपनीत पहिली पाळी, फोन लॉकरमध्ये. रिंग वाजून बंद झाली. दवाखान्यात न्यायचं तर पुन्हा रस्ता, पुन्हा धूळ. ती अनूच्या शेजारी फरशीवर बसली. अनूची किरकिर थांबली होती. ती गप्प पडून होती. झोपली, सुलक्षणाला वाटलं.

फोन वाजला. आबा होते. आवाज अजून फुगलेला.

"पोचलो. सांगायचं ऱ्हायलं, गहू एवढ्यात काढू नका. आधीचं पीठ संपू द्या."

"बरं."

"पोरगी बरी हाय का?"

"ओकली. आता झोपलीय. मलाही कसंतरी होतंय. खालून लसणाचा घाण वास येतोय नुसता. सगळं बंद केलंय तरी येतोय."

आबांचा आवाज एकदम बदलला.



"खिडकी उघड."

"पुन्हा तेच? मशीनचा दिवा हिरवा आहे, आबा."

"सुलक्षणा, पाया पडतो तुझ्या. खिडकी उघड आन् पोरीला घिऊन भाईर पळ. वास खालनं न्हाई, पोत्यांतनं येतोय. किडा लागू ने म्हून मी गोळ्या टाकल्यात आत. इखारी वायू सुटतो त्यांचा."

तिने अनूला उचललं. मान खांद्यावर नीट टेकेना. दार ओढलं तर फोम चौकटीला धरून बसला होता. टॉवेलची गुंडाळी दाराखाली अडकली. तिने लाथेने टॉवेल उडवला, दोन्ही हात मोकळे नव्हते म्हणून कडीत कोपर अडकवून ओढलं. फोम टरकला. जिन्यात शेजारची सीमा बादली घेऊन वर येत होती. तिने एकदाच दोघींकडे पाहिलं, बादली तिथंच टाकली आणि रिक्षाला हाका मारत खाली धावली.

रिक्षा दवाखान्याकडे निघाली. फोन सुलक्षणाच्या मुठीत चालूच होता. त्यातून आबांचा आवाज येत होता. ते तिला सांगत होते की स्वतःला, ते कळत नव्हतं.

"हितं घरात तर पोती उशाला घिऊन झोपतो आमी. कुणाला शिंक आली न्हाई. पर आमचं घर चारी अंगांनी फुटकं. पत्र्याखालनं चिमण्या ये-जा करत्यात. म्हून तर तुमची खिडकी उघडीत व्हतो. तिथं माझाच जीव कोंडत व्हता. पर बंद खोलीत वायू साठंल, ह्ये ध्यानात न्हाई आलं माझ्या."

पुढे खडीचा डंपर होता. पांढरी धूळ रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी आत येत होती. अनूच्या अंगाला एक झटका बसला. तिने तोंड वासलं, खोल श्वास ओढला आणि टाहो फोडला. सवयीने तिचं तोंड झाकायला सुलक्षणाचा हात ओढणीकडे गेला. "उगी, उगी," ती थोपटायला लागली.

"गप करू नको तिला," फोनमधून आबा ओरडले. "रडू दे. तोंड उघडून रडू दे."