पणजीचं गाणं

"आज मी सांगून टाकणार," बँजोची खुंटी पिळत वेन्डल टॅकेट म्हणाला. "ते गाणं पणजीचं नाही. मी रचलंय, एकोणिसाव्या वर्षी."

डेलबर्टने मॅन्डोलिन मांडीवरून खाली ठेवलं. "आणि मुलाखतींत पणजीच्या नावाने डोळे पुसायचास, ते?"

"थापा!"

अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरात पोरासोरांनी रचलेलं गाणं तेव्हा कोण ऐकणार? पणजीचं म्हटल्यावर मात्र लोक टोप्या काढून बसले. पणजीच्या मांडीवर झोपणारा वेन्डल ती वारली तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता. तिचा चेहराही त्याला आठवत नव्हता. पण थाप पचली आणि चाळीस वर्षं तो तिच्यात अडकून पडला. जन्मभर त्याने दुसऱ्यांची गाणी वाजवली. त्याचं स्वतःचं असं एवढं एकच होतं, आणि तेच त्याला 'माझं' म्हणता येत नव्हतं. 

"डोंगरातलं ब्लूग्रास संगीत वाजवणारे आपण पाच नामवंत एकत्र आलो, ते जुन्या गाण्यांसाठी," डेलबर्ट म्हणाला. "आमचं हसं करणार आहेस का रे?"

"खुशाल होऊ दे. मरण्याआधी मला माझं गाणं हवंय."

दुपारी जत्रेच्या मांडवात पाचही जण एकाच माइकभोवती दाटीने उभे राहिले. गाणं रंगलं. तिसरं कडवं संपलं तसा वेन्डल पुढे सरकला. "मंडळी, या गाण्याबद्दल जरा..."

"अर्धवटच म्हटलंस की रे मेल्या!" पहिल्या रांगेतली ओमा रॅटलिफ काठी टेकत उठली. त्र्याण्णव वर्षांची, पलीकडच्या खोऱ्यातली. "माझी आजी हे पुरतं म्हणायची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वेन्डलच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे त्याची थाप आता दुसऱ्यांच्या आज्याही गाऊ लागल्या!

"आजी, तुम्ही रेडिओवर माझंच ऐकलं असेल," तो दातओठ खात म्हणाला. "याला तीनच कडवी आहेत."

"मला खोटं पाडतोस होय? मग हे चौथं ऐक."

म्हातारीने डोळे मिटले आणि कापऱ्या आवाजात गायला लागली. पुरात वाहून गेलेल्या घोडीचं कडवं होतं. वेन्डलच्या हातून बँजो निसटला.

ते कडवं त्याने एकोणिसाव्या वर्षी लिहिलं होतं आणि कोणाला न दाखवताच चुलीत घातलं होतं.