पळीभर पंचामृत

विक्रोळीच्या एका छोट्या कारखान्यात नीलम रोकडे गव्हाच्या कोंड्यावर बॅक्टेरिया वाढवून कपड्यांचे डाग काढणारं एन्झाइम बनवायची. छोट्या बाटलीत जे करायला जमलं होतं, ते आता पहिल्यांदाच मोठ्या टाकीत करायचं होतं. तिने कोंड्याचं पाणी उकळून निर्जंतुक केलं, त्यात आपले बॅक्टेरिया सोडले आणि झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी मालक सुबोध सर आईला आणि भटजींना घेऊन टाकीची पूजा करायला आले, आणि त्यांनी ते झाकण उघडलं.

"सर, बाहेरचं काही आत गेलं ना, तर सगळ्याची वाट लागेल," नीलम कळवळून म्हणाली.

"अगं, पंचामृत आहे ते! त्याने कधी काही बिघडतं का?" सरांची आई म्हणाली आणि तिने पळीभर पंचामृत टाकीत सोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांत टाकीला आंबूस वास सुटला. एन्झाइमचा पत्ताच नव्हता. नीलमने सरांना बोलावून टाकीतला थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवला. "हे बघा सर, सगळे दह्यातले बॅक्टेरिया आहेत. आपले मेले."

सर बराच वेळ डोळा लावून बघत राहिले. आता तरी यांना पटलं, असं तिला वाटलं.

 

"पुन्हा पूजा घालू," सर म्हणाले. "फक्त या वेळी तू सुट्टी घे. मी जातपात अजिबात मानत नाही गं, पण आई म्हणते, पूजेआधीच टाकीला तुझा हात लागला होता."