गाडी उलटी घ्या

बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी उलटी चढवायची होती. उन्हाने सीट तापलेली, मागच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव खात होत्या आणि आमचे हे ब्रेकवर पाय देऊन ढिम्म बसले होते.

"काका, या मागे, बिनधास्त या!" खलाशी लाल फडकं हलवत ओरडला.

"अहो, बोलावतोय ना तो केव्हाचा!" मी करवादले.

आरशात बघत हे हळूच म्हणाले, "कुठंय?"

मी वळून पाहिलं. खलाशी जेमतेम दहा पावलांवर उभा होता. सकाळी अख्ख्या घाटात गाडी ह्यांनीच चालवली होती.

मी उतरून त्यांच्या दाराशी गेले. माझ्या ड्रायव्हिंगला वीस वर्षं नावं ठेवणाऱ्या माणसाने गाडी बंद करून किल्ली आधीच पुढे धरली होती.